संकेतस्थळ कोणासाठी?



आपल्या संस्थेचे संकेतस्थळ नव्याने करण्याचा विचार सुरू आहे.

अनेक सेवाभावी संस्थांची संकेतस्थळे वार्षिक अहवालासारखी असतात. आधी अध्यक्षांचे मनोगत, मग कार्यकारिणीची छायाचित्रे, मग उद्दिष्टे, मग सत्कार समारंभ. तेथे येणारा विद्यार्थी मात्र विचारतो, शिष्यवृत्तीचा अर्ज कधीपर्यंत भरायचा? कागदपत्रे कोणती लागतात? हे उत्तर आतल्या पानात दडले, तर मुदत टळते आणि एखाद्या मुलाचे वर्ष वाया जाते. मी बँकेत काउंटरवर बसतो. माणसे वारंवार चुकीच्या रांगेत उभी राहू लागली, की पाटी बदलायची वेळ आली असे समजावे.

विकिपीडियाचेच उदाहरण घ्या. २००१ साली सुरू झालेला हा मुक्त ज्ञानकोश विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था चालवते. २००३ पासून तो मराठीतही आहे. संगणकावरील त्याचे रूप २०१० नंतर दहा वर्षे फारसे बदलले नव्हते. अनुक्रमणिका लेखाच्या आरंभीच राही. दुसऱ्या भागाकडे जायचे तर पुन्हा वर यावे लागे. दुसऱ्या भाषेतील लेखाचा दुवा डाव्या बाजूच्या यादीत खाली असे. नवख्याच्या तो सहज नजरेस पडत नसे.

संस्थेने घाई केली नाही. वाचकांना नमुने दाखवून ते कसे वापरतात हे पाहिले. २०२० पासून फ्रेंच, फारसी, हिब्रू अशा काही भाषांत बदल करून पाहिले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते इंग्रजी विकिपीडियावर आणले. अनुक्रमणिका बाजूला, कायम डोळ्यांसमोर आली. भाषांचे बटण लेखाच्या मथळ्याजवळ आले. सगळेच खूश झाले असे नाही. ओळी आखूड केल्याने दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहते, अशी अनेकांची तक्रार होती. म्हणून रुंदी वाढवण्याचे बटण दिले गेले, आणि खाते असलेल्यांना जुने रूप ठेवण्याची मुभा राहिली.

आपल्यापाशी तेवढा पैसा नाही, हे खरे. पण या विषयातील तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच सांगितले, की पाच जणांकडून वापरून घेतले तरी बहुतेक दोष उघडे पडतात. तर आपण पाच विद्यार्थी बोलवावेत. त्यांत खेड्यातून आलेलेही असावेत. त्यांच्याच मोबाईलवर "अर्जाची शेवटची तारीख शोधा" असे सांगावे आणि आपण गप्प बसावे. बोट दाखवू नये. ते कोठे अडतात ते लिहून घ्यावे, दुरुस्ती करावी, मग दुसरे पाच बोलवावेत.

मनोगत काढून टाका, असे मी म्हणत नाही. ते आत असावे. दारात मुदत, कागदपत्रांची यादी आणि कार्यकर्ता फोनवर भेटण्याची वेळ असावी, तीही साध्या मराठीत. शिवाय तारीख उलटली की जुनी सूचना उतरवण्याचे काम एका सभासदाकडे नेमून द्यावे. या कामासाठी आपल्यातले दोघे-तिघे आजच पुढे आले, तर येत्या अर्जांच्या हंगामापूर्वी ते होऊ शकेल.