दार खाली आलंय

कवीनं ट्रकच्या दारावर बोलावं हे जरा विचित्रच. पण आमच्या डहाणू-तलासरीकडच्या माणसाला ट्रक परका नाही. मुंबई-अहमदाबाद हायवे तलासरीतूनच जातो. माझ्या लहानपणी तो ८ नंबरचा होता, आता ४८ नंबरचा झाला. डहाणू-घोलवडचा चिकू आणि मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारं गवत याच रस्त्यानं जातं. माझे अब्बाही ट्रक चालवत. गाडी स्वतःची, पण जुनी. नाक पुढे आलेला टाटा.

त्या काळी अनेक जण कंपनीकडून नुसती चासी घेत आणि केबिन बाहेर बांधून घेत. आतून लाकडी सांगाडा, वरून पत्रा. दाराला दोन बिजागऱ्या. हा शब्द मी शाळेत शिकलो; गॅरेजमध्ये तिला 'कब्जा' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पकड. मराठीत कब्जा म्हटलं की आपल्याला जमिनीचं भांडण आठवतं, पण दार बिचारं त्या कब्ज्याच्या भरवशावर लटकलेलं असतं.

ही पकड सुटते कशी, ते सांगतो. केबिन उंच असते. चढणारा माणूस दारालाच धरून अंग वर खेचतो, दिवसातून पंधरा-वीसदा. वरच्या बिजागरीला हा भार बाहेर ओढतो, खालच्या बिजागरीला आत दाबतो. आतली खीळ झिजत जाते आणि दाराची मोकळी कड खाली येते. मग लॉक खटक्यात नीट बसत नाही. माणूस दार उचलून आपटतो, आणि आपटल्यानं खीळ आणखी झिजते. आमच्याकडे त्यात खारी हवा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलानं बुजली की पावसाचं पाणी दारातच साचतं, दार जड होतं आणि पत्रा आतून सडतो.

अब्बांच्या गाडीचं डावं दार असंच खाली आलं होतं. तो गवताचा मोसम होता, खेपांवर खेपा. "या खेपेनंतर बघू," असं अब्बा म्हणत राहिले. मी तेव्हा आठवीत होतो. दार उघडू नये म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून ते आतून बांधायचं काम माझ्याकडे होतं. एका पहाटे मी ती बांधली आणि शाळेला गेलो. वळणावर दार उघडलं आणि तिथे बसलेला क्लीनर बाहेर फेकला गेला. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. जिवावरचं हातावर निभावलं, पण उजवं कोपर पुन्हा सरळ झालं नाही. पट्टी तुटली की गाठ सुटली, हे अब्बांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. यावर कविता लिहायचा प्रयत्न दोनदा केला आणि दोन्ही वेळा कागद फाडले.

आता भाच्याकडे २००८ सालची ४०७ आहे. चिकूचे क्रेट नेतो. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दर वर्षी फिटनेस लागतो. पासिंग जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "मामू, लॉकचा खटका जरा खाली घेतला की दार लागतंय. कशाला एवढा खर्च?" मी दाराकडे पाहिलं. डावंच दार होतं.

मी त्याला हायवेच्या कडेच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी खटक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार अर्धं उघडलं, कड दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवली आणि बिजागरीवर बोट ठेवलं. "बिजागरी जागेवर आहे, नुसतं दार हलतंय, म्हणजे खीळ गेली. बिजागरीच हलली असती तर खांब फाटलाय समजायचं. मग काम वेल्डिंगचं." जुन्या लाकडी केबिनमध्ये, ते म्हणाले, स्क्रूची भोकं मोठी व्हायची. त्यात लाकडाची खुंटी ठोकून नव्यानं स्क्रू बसवावा लागे.

दाराखाली फळी आणि गोणपाट ठेवून त्यांनी जॅकवर भार घेतला. खीळ ठोकून काढली. मधोमध ती बारीक झाली होती. भोकंही लांबट झाली होती. त्यांनी ती गोल करून घेतली, लेथवर थोडी जाड खीळ आणि पितळी बुश बनवून बसवले, ग्रीस भरलं. तळाची भोकं तारेनं मोकळी केली. खटका अगदी शेवटी जुळवला. भाच्याला त्यांनी सुनावलं, "आधी खटका हलवला असता ना भाई, तर दार लागलं असतं आणि रोग आत राहिला असता." दुपारपर्यंत काम झालं.

आता नव्यानं बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. चांगलंच आहे. पण रस्त्यावर आधीच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत.

निघताना भाच्याचा क्लीनर सवयीनं दाराला लोंबकळत चढू लागला. मिस्त्री ओरडले, "ए, दार नको धरू!" मग स्वतःच उठले, भंगारातून पाइपचा तुकडा शोधला आणि चढताना धरायला दांडा म्हणून केबिनच्या खांबाला वेल्ड करून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.