दर, वाटा आणि दाखला



पेण-रोह्याच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी लगेच विषयाकडे वळतो. कारण आज मला जे सांगावयाचे आहे ते साहित्याच्या व्यासपीठावरून सहसा सांगितले जात नाही, आणि त्याला थोडा अवधी हवा. माझा विषय आहे खनिज तेल आणि वायू, त्यांचा दर, त्यांतील वाटा, आणि त्या वाट्यापायी जातीजातींत व भाषाभाषांत पडणारी तेढ. हा प्रांत अर्थशास्त्र्यांचा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला मी याच भूमीतील दोन पुरुषांची आठवण करून देईन. पेण तालुक्यातील गागोद्यास १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी जमिनीच्या वाट्याचा प्रश्न थेट जमीनदाराच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला. रोह्याच्या शाळेत शिकलेले चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले व कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या कारकिर्दीतच ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. आणि १९५६ साली, मुंबई कोणाची या प्रश्नावर, त्यांनी मंत्रिपद सोडले. कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणणारेही हेच गृहस्थ. खजिना, तेल, भाषा आणि काव्य ही जर एका माणसाच्या आयुष्यात नांदू शकतात, तर एका संमेलनात नांदावयास हरकत नसावी.

घरचा वाद निवाड्यास घेण्यापूर्वी त्रयस्थाचा वाद पाहावा, म्हणजे दृष्टी निवळते. म्हणून प्रथम नायजेरियाकडे वळू. त्या देशात १९५६ साली नायजर नदीच्या मुखाजवळ, ओलोइबिरी येथे, तेल लागले आणि पुढे तो आफ्रिकेतील अग्रगण्य तेल-उत्पादक देश झाला. परंतु तेथील सरकारी शुद्धीकरण कारखाने धड चालेनात, म्हणून आपले कच्चे तेल परदेशी विकावयाचे आणि तयार पेट्रोल परदेशातून आणून, त्यावर अनुदान देऊन, प्रजेला स्वस्तात द्यावयाचे, असा विपरीत व्यवहार वर्षानुवर्षे चालला, आणि त्या अनुदानात मोठी अफरातफर होत असल्याचे पुढे तेथील संसदेच्याच चौकशीत उघडकीस आले. १ जानेवारी २०१२ रोजी अध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्या सरकारने हे अनुदान एका हुकुमासरशी बंद केले. ६५ नायरा लिटरचे पेट्रोल १४० नायरांच्या घरात गेले, एसटीसारखी सार्वजनिक सोय नसलेल्या त्या देशात बाजाराला जाणाऱ्या बाईच्या भाड्यापासून भाजीपर्यंत सारे महागले, आणि ९ जानेवारीपासून देशव्यापी संप सुरू झाला. आदल्याच नाताळात चर्चवर झालेल्या बाँबहल्ल्याने धर्माधर्मांतील संशय पराकोटीस गेलेला असताना, त्या संपाच्या दिवसांत मुसलमान निदर्शक नमाजास बसले की ख्रिस्ती निदर्शक त्यांच्याभोवती कडे करून उभे राहत. अखेर १६ जानेवारीस सरकारने दर ९७ नायरांवर आणला आणि संप मागे घेण्यात आला.

आपल्याकडेही याहून निराळे घडलेले नाही. १९७२ नंतरच्या दुष्काळी महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांत धान्य, साखर, तेल यांच्याबरोबर रॉकेलही होते. आणि त्या मोर्चात समाजवादी आणि साम्यवादी, चाळीतली आणि झोपडीतली, मराठी आणि अमराठी अशा स्त्रिया एकत्र चालल्या, कारण रिकाम्या स्टोव्हला जात नव्हती. दर सर्वांना एकच द्यावा लागतो. म्हणून दराचे गाऱ्हाणे माणसांना एकत्र आणते.

वाट्याचे तसे नाही. जे नायजेरियन पेट्रोलच्या दरासाठी खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तेच तेलाचे उत्पन्न कोणी किती घ्यावे असे विचारताच आपापल्या जमातीच्या वेशीत परततात. १९६७ ते १९७० या काळातील तेथील बियाफ्राच्या यादवीत तेलाचा भाग होता. जेथून तेल निघते त्या राज्यांना उत्पन्नाचा किमान १३ टक्के हिस्सा द्यावा असे तेथील १९९९ च्या राज्यघटनेने ठरविले, तरी १३ का आणि ५० का नाहीत, हा कलह शमलेला नाही. जोनाथन स्वतः तेलाच्या मुलखातील इजो जमातीचे. तेव्हा ज्या आंदोलनात लेगॉस व कानो या शहरांना सरकारचा अन्याय दिसला, त्यातच जोनाथन यांच्या मुलखातील पुष्कळांना आपल्या माणसाला खाली खेचण्याचा डाव दिसला. आणि ज्या केन सारो-विवा नावाच्या लेखकाने तेलाने नासलेल्या ओगोनी शेतांचे गाऱ्हाणे जगाच्या वेशीवर टांगले, त्याला तेथील लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिले. आसामचीही कथा याच जातीची आहे: आपले कच्चे तेल बिहारातील बरौनीस का जावे, या जुन्या सलाला १९७९ मध्ये परकीयांविरुद्धच्या चळवळीची जोड मिळाली, तेलाची वाट रोखण्यात आली, आणि १९८५ च्या करारात नवा शुद्धीकरण कारखाना हे एक कलम होऊन बसले.

मग वाट्याचे भांडण माणसांना फोडतेच, असा सिद्धांत करावा काय? तसा तो करू नये, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. १९३३ साली चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या विरुद्ध जो संप पुकारला आणि जो सुमारे सहा वर्षे चालला, तो निव्वळ वाट्याचाच संप होता. कुळाने राबावे आणि भाताच्या राशीतून खोताने किती उचलावे, एवढाच त्यातील प्रश्न. जमिनी ओसाड राहिल्या, माणसांनी सरपण विकून दिवस काढले, परंतु डॉ. आंबेडकरांनी त्या कुळांची बाजू घेतली आणि १९३९ च्या कूळकायद्याची वाट त्यातून मोकळी झाली. तो वाटा फोडणारा का ठरला नाही? माझे उत्तर असे की, तेथे हक्काचा पुरावा श्रम हा होता. जो कसतो त्याचा हक्क, असे म्हटले की आगरी, मराठा, महार हे सारे एका ओळीत येतात. जो येथे जन्मला त्याचा हक्क, असे म्हटले की त्याच क्षणी ओळीचे तुकडे पडू लागतात, कारण जन्माचा प्रत्येक पुरावा आणखी जवळच्या जन्माने खोडता येतो.

आता याच दृष्टीने घरच्या तेलाकडे पाहू. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस, सुमारे १६० किलोमीटरांवर, समुद्रात तेल लागले. समुद्राखालचे असल्यामुळे ते घटनेप्रमाणे केंद्राचे. राज्यालाच जेथे स्वामित्वधन नाही, तेथे कोळ्याच्या जाळ्याला काय विचारता? त्या तेलाबरोबरचा वायू उरणच्या किनाऱ्यास लागला, नळाने नागोठण्यास आला, आणि रोहे तालुक्यात इंडियन पेट्रोकेमिकल्सचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. ५ नोव्हेंबर १९९० च्या स्फोटात तेथे तीसहून अधिक माणसे दगावली. २००२ साली सरकारने कंपनीची सूत्रे रिलायन्सकडे सोपविली. परंतु कडसुरे-वेलशेतपासून शिहू-बेणशापर्यंत ज्यांच्या जमिनी त्याच्या पोटात गेल्या, त्या घरांतील बोलणे मालक बदलला तरी बदलले नाही. ते बोलणे दाखल्याचे असते. सातबाऱ्यावर चार भाऊ आणि दोन बहिणी, पण नोकरीसाठी लागणारा प्रकल्पग्रस्ताचा दाखला एक. मग थोरल्याच्या मुलाने तो घ्यावा की धाकट्याच्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणीने हक्कसोडपत्रावर अंगठा द्यावा की नाही, आणि शेजारच्या गावचा मनुष्य खरा भूमिपुत्र की उपरा, यावर भाऊबंदकी पेटते. नायजेरियातील जमातींचे भांडण आम्ही एका ओटीवर आणून बसविले आहे.

आणि या साऱ्या भांडणात ज्याचे नावच निघत नाही असा एक आहे. तो आपला कातकरी. खैराचा कात काढावा, कोळशाच्या भट्ट्या लावाव्यात, आणि डोंगर उतरून मोळी पेणच्या बाजारात आणावी, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. म्हणजे वायूचे नळ येण्यापूर्वी या मुलखाची इंधनव्यवस्था त्याच्या डोक्यावरून चालली होती. पण त्याच्या नावे सातबारा नाही, म्हणून त्याला दाखला नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासंबंधी जनमत घेण्यात आले, ही या देशाच्या लोकशाहीतील मोठी घटना आणि आपल्या तालुक्याचे भूषण; पण तेथेही मत विचारले गेले ते ज्यांची जमीन संपादनात होती त्यांना. कातकऱ्याच्या वाट्याला अनुदान आले ते रेशनच्या निळ्या रॉकेलाचे, आणि शिधापत्रिकेवर गॅसजोडणीचा शिक्का पडला की तेही आटावयाचे. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेची शेगडी वाडीत आली. परंतु पुढच्या टाकीचे पैसे एकरकमी आणावयाचे कोठून? म्हणून शेगडीवर डबे ठेवलेले, शेजारी तीन दगडांची चूल पेटलेली, आणि खिंडीपलीकडे कारखान्याची ज्योत रात्रभर जळते आहे, हे दृश्य ज्याला पाहावयाचे असेल त्याने नागोठण्याच्या आसपासच्या कोणत्याही वाडीत सायंकाळी जावे.

२०१९ मध्ये नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प रद्द झाल्यावर त्यासाठी विधिमंडळात अलिबाग, मुरूड, रोहे, श्रीवर्धन या तालुक्यांची नावे निघाली होती. उद्या काय येईल किंवा येणार नाही, हे सांगणे माझे काम नव्हे. परंतु जेव्हा येईल तेव्हा वाट्याची मांडणी कोणत्या पुराव्यावर करावयाची, ही भाषा आधी सिद्ध असली पाहिजे, आणि ती सिद्ध करणे हे साहित्यिकांचे काम आहे. कचेरी सातबारा पाहते, पुढारी जात पाहतो. या जमिनीवर, खाडीत आणि जंगलात कोणी काय श्रम केले, याची नोंद ठेवणारे दप्तर लेखकांवाचून दुसरे कोणी उघडणार नाही. खारबंदिस्तीवर चिखल टाकणारा आगरी, डिझेलाच्या परताव्यासाठी सोसायटीत खेटे घालणारा कोळी, कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेला उत्तर भारतीय वेल्डर, हक्कसोडपत्रावर अंगठा दिलेली बहीण आणि मोळी वाहणारी कातकरीण, ही सारी एका कादंबरीत एकत्र आली, तर त्यांचे वाटे वेगळे असले तरी त्यांचा पुरावा एक आहे, हे वाचकाला भाषणाशिवाय कळेल.

म्हणून या संमेलनापुढे मी एक सूचना ठेवतो. ठराव पुष्कळ होतात. त्याऐवजी पेण व रोहे तालुक्यांतील प्रत्येक वाचनालयाने एकेका गावाच्या व त्या गावाच्या वाडीच्या श्रमाची हकीकत, आगरी बोलीत असेल तर आगरीत आणि कातकरी बोलीत असेल तर कातकरीत, सांगणाऱ्याच्या तोंडून जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि पुढील संमेलनात ती वाचली जावी. पहिले वाचन वाडीचे असावे, एवढा माझा आग्रह.