पोरीला पाठवू का?



तान्हा पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आर्वीला माझा नृत्याचा वर्ग सुटला, मुली घुंगरू पिशवीत घालून घरी गेल्या आणि एक आई दाराशी थांबून राहिली. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मुलगी नववीत, माझ्याकडे 6 वर्षांपासून भरतनाट्यम शिकते. आईनं मोबाइल माझ्यापुढे धरला. मुंबईतल्या एका संस्थेची जाहिरात होती. पूर्ण वेळ बॅले प्रशिक्षण, राहण्याची सोय, पुढे परदेशात संधी. वर पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहिलेल्या मुलीचा फोटो. आई म्हणाली, "मॅडम, पोरगी ऐकूनच नाही राहिली. पाठवू का?"

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाईनं बॅलेबद्दल घाईनं बोलू नये, असं मला वाटलं. मग मी वाचलं, मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या शिक्षकांना फोन केले, चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्यातून जे हाती आलं ते आज सांगते, कारण हा प्रश्न घेऊन थांबलेली ती एकटीच आई नसणार.

बॅले हा शब्द मराठी घरांना नवा नाही. पार्वतीकुमार, सचिन शंकर यांच्या नृत्यनाटिकांना आपली मागची पिढी बॅलेच म्हणायची. पण त्या फोटोतला बॅले युरोपातला. पॅरिसच्या ऑपेराची नृत्यशाळा 1713 ची, सेंट पीटर्सबर्गची 1738 ची. तीनशे वर्षांत तिथं एक गोष्ट पक्की ठरून गेली आहे: मूल दहा-अकराव्या वर्षी शाळेत घ्यायचं, सात-आठ वर्षं रोज घडवायचं आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी रंगमंचावर सोडायचं. ॲना पावलोवा पीटर्सबर्गच्या शाळेत शिरली ती 1891 साली, दहा वर्षांची असताना. लंडनची रॉयल बॅले स्कूल आजही अकराव्या वर्षापासून मुलं घेते. आपली मुलगी चौदाची आहे. तिच्या आईला हे मला आधी सांगावं लागलं.

त्यावर मुलीचं उत्तर तयार होतं. "मॅडम, त्या पोरांनी तर माझ्याहून उशिरा सुरू केलं!" तिनं 'ये बॅले' हा सिनेमा पाहिला होता. सूनी तारापोरवाला यांचा हा सिनेमा 2020 साली आला आणि तो खऱ्या दोन मुलांवरून केलेला आहे. मनीष चौहान, टॅक्सीचालकाचा मुलगा, आणि अमीरुद्दीन शाह, वेल्डिंगचं काम करणाऱ्या बापाचा मुलगा. दोघांना मुंबईत येहुदा माओर या ज्येष्ठ गुरूंनी शिकवलं. 2017 मध्ये अमीरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. तिसरा दिल्लीचा कमल सिंग, ई-रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा. त्यानं सतराव्या वर्षी सुरुवात केली, फर्नांडो अगिलेरा या अर्जेंटिनाच्या शिक्षकाकडे. 2020 मध्ये तो लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलच्या प्रशिक्षणाला गेला, लोकवर्गणीतून.

या तिघांचं मला अतिशय कौतुक आहे. पण पोरी, हे तिघंही मुलगे आहेत, एवढं ध्यानात घे. जगभर बॅले शिकणाऱ्यांत मुली फार, मुलगे थोडे. नायिकेला वर उचलून धरायला प्रत्येक मंडळीला तगडा मुलगा हवाच असतो, म्हणून उशिरा आलेला गुणी मुलगा दिसला की दार किलकिलं होतं. मुलींची रांग त्या दारापासून लांबवर गेलेली असते, आणि रांगेतल्या मुली वयाच्या आठव्या वर्षापासून उभ्या असतात. शिवाय दर महिन्याला पगार देऊन नर्तक पोसणारी बॅलेची मंडळी आपल्या देशात अजून रुजलेली नाही. म्हणजे शिकून झाल्यावर परदेश गाठायचा, नाही तर शिकवायचं, नाही तर आधुनिक नृत्याकडे किंवा सिनेमाकडे वळायचं. या वाटा वाईट नाहीत. पण संस्थेनं त्या प्रवेशाच्या दिवशीच उघड सांगायला हव्यात.

आता शाळा पाहायची कशी? मी त्या आईला म्हटलं, सगळ्यांत आधी खाली पाहा. जमीन पाहा. बॅलेच्या वर्गात उड्या असतात, दिवसाला शेकड्यांनी, आणि प्रत्येक उडीचा भार पाऊल, नडगी, गुडघा यांवर उतरतो. चांगल्या वर्गाची जमीन लाकडी फळ्यांची असते, खाली चौकटीवर तोललेली, पोकळ. पाय आपटला की ती किंचित दबते आणि धक्का स्वतः पिऊन घेते. वर व्हिनाइलचा पत्रा अंथरतात, पाय घसरू नये म्हणून. काँक्रीटवर टाइल्स आणि टाइल्सवर नुसता तो पत्रा टाकला तरी फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून अनवाणी उभं राहून टाच आपटून पाहायची.

मग मुलींचे गुडघे पाहायचे. बॅलेत पावलं दोन्ही बाजूंना वळवतात, आपण भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, वळवतो तशीच. हे वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवं. ज्याच्या खुब्यात ते नाही, तो ते गुडघ्यातून आणि घोट्यातून ओढून काढतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी बारा वर्षांची असताना एका वर्गात माझी अरमंडी पूर्ण वळावी म्हणून पावलं धरून बाहेर फिरवली जायची. दुखतंय म्हटलं की, दुखल्याशिवाय नाच येत नाही, असं उत्तर मिळायचं. तेविसाव्या वर्षी मला जिना उतरता येईना. मी आज शिकवते ते खुर्चीवर बसून, हातानं ताल धरून. त्यामुळे कुठल्याही वर्गात गेले की मी आधी पाहते, गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत आहे का, आणि नसेल तर शिक्षकाचं तिकडे लक्ष जातं का.

बोटांवर उभं राहण्याचंही असंच आहे. त्या गुलाबी चपलेच्या टोकाला कापडाचे आणि कागदाचे थर खळ लावून घट्ट केलेले असतात. खरा आधार त्या टोकाचा नसतो, घोट्याचा आणि पोटाच्या स्नायूंचा असतो, आणि तो यायला काही वर्षं जातात. पावलांची हाडं लहान वयात अजून वाढत असतात. म्हणून जाणते शिक्षक साधारण बाराव्या वर्षाआधी, आणि पुरती ताकद येण्याआधी, मुलीला ती चप्पल घालू देत नाहीत. नव्यानं आलेल्या मुलीला पहिल्याच महिन्यात बोटांवर उभं करून तिचा फोटो जाहिरातीत टाकणारी शाळा असेल, तर तिथून परत फिरावं. यावर माझं मत ठाम आहे.

जेवणाबद्दल मी त्या आईशी फार वेळ बोलले. वसतिगृहात सकाळी काय देतात, दोन वर्गांच्या मध्ये काय देतात, मुलींचं वजन सगळ्यांसमोर घेतात का? दिवसाला पाच-सहा तास नाचणारी वाढत्या वयाची मुलगी पोटभर जेवली नाही, तर आधी तिची पाळी लांबते, मग थांबते, आणि हाडं ठिसूळ होत जातात. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर पडते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. पाळी चुकली हे आनंदानं सांगणाऱ्या नाचणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आयांनो, तो आनंदाचा विषय नाही.

नाव मोठं असलं म्हणजे सगळं ठीक असेल, असंही धरून चालू नये. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराच्या बॅले शाळेची 2019 मध्ये चौकशी झाली आणि मुलांच्या संरक्षणाची तिथं नीट व्यवस्थाच नव्हती, असं चौकशी समितीनं म्हटलं. आपल्याकडे 2023 मध्ये चेन्नईच्या 'कलाक्षेत्र' या नृत्यसंस्थेत विद्यार्थिनी लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन आवारात धरणं धरून बसल्या होत्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या संस्थेला तक्रार समिती बंधनकारक आहे. ती आहे का, तिच्यात बाहेरची व्यक्ती कोण आहे, हे विचारायला संकोच कशाला?

या सगळ्या वाचनात मला एक जुनी हकीकत पुन्हा सापडली आणि ती मनातून जात नाही. पावलोवा हिंदुस्थानात आली होती तेव्हा तिच्या प्रोत्साहनानं ज्या काही जणी आपल्या नृत्याकडे वळल्या, त्यांतल्या एक मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी. त्यांनी स्वतःची नृत्यमंडळी उभारली, 1936 ते 1938 या काळात युरोपचा दौरा केला, आणि खंडाळ्याला नृत्यालयम नावाची निवासी शाळा काढली. पूर्ण वेळ नृत्यशिक्षणाची ती आपल्या मराठी मुलखातली फार आधीची शाळा. या मेनकाबाईंना मुंबईची एक छोटी मराठी मुलगी फार आवडली. तिला दत्तक घ्यायची त्यांची इच्छा होती. मुलीची आई, वत्सला जोशी, म्हणाली, मुलगी सोडून देणार नाही. मग असं ठरलं की मुलगी दोघींनी मिळून वाढवायची. आईला मेनकाबाईंकडेच काम मिळालं, मुलगी नाचाबरोबर शिकतही राहिली. ती मुलगी म्हणजे कथकच्या थोर नर्तकी दमयंती जोशी. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1970 ची पद्मश्री, हे सगळं पुढचं. त्या काळात, समोर एवढी नामवंत बाई असताना, त्या आईनं नाही म्हटलं आणि होही म्हटलं. मुलीला नाच मिळाला, शिक्षण मिळालं आणि आईही राहिली.

शिक्षणाचं म्हणून सांगते. पूर्ण वेळ नाचणाऱ्या मुली बहुतेक वेळा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देतात, किंवा मुक्त विद्यालयातून. चालतं. पण अभ्यास कोण घेणार, कोणत्या तासाला घेणार, हे वेळापत्रकात लिहिलेलं असावं. "आम्ही बघून घेऊ" एवढ्यावर विसंबू नये. आणि जिला नृत्यच करायचं आहे तिला बारावीनंतर पदवीच्याही वाटा आहेत. कनक रेळे यांनी उभारलेलं मुंबईचं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे.

आर्वीच्या बाजारात कापसाची गाडी येते, तेव्हा व्यापारी वरचा पांढराशुभ्र कापूस पाहून भाव बोलत नाही. तो बाही सारून गाडीत कोपरापर्यंत हात घालतो आणि आतला कापूस बाहेर काढतो. ओला आहे का, कवडी आहे का, ते पाहतो. मी त्या आईला म्हटलं, ताई, लंडनला गेलेला मुलगा हा वरचा कापूस. तुम्ही आत हात घाला. गेल्या पाच वर्षांत किती मुली आल्या, किती मधूनच गेल्या, का गेल्या, आज कुठं आहेत? ज्या सोडून गेल्या त्यांच्यापैकी दोघींशी मला बोलू द्या, असं विचारा. मध्येच घरी पाठवलेल्या मुलीची उरलेली फी परत दिली का, तेही विचारा. शाळेला खरी ओळखते ती मधूनच बाहेर पडलेली मुलगी.

दिवाळीच्या सुटीत मायलेकी पुलगावहून गाडीत बसल्या आणि मुंबईला जाऊन आल्या. दोन दिवस त्या वर्गाच्या कोपऱ्यात बसल्या. दुसऱ्या दिवशी रात्री स्टेशनवरून आईचा फोन आला. "मॅडम, जमीन लाकडाची आहे, मी टाच आपटून पाहिली. एक पोरगी घोट्याला पट्टी बांधून भिंतीजवळ बसून होती. सर तिच्याजवळ तीनदा गेले, बसल्या बसल्या हाताचं काम करून घेतलं. मी मोजलं." मी विचारलं, सोडून गेलेल्या मुली? "त्यांचे नंबर नाही दिले. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, विचारून सांगतो."

ते नंबर अजून आलेले नाहीत. मुलगी दहावीपर्यंत आर्वीतच राहणार आहे, हे तिनं स्वतः कबूल केलं, थोडं रडून. उन्हाळ्यात त्याच संस्थेचा 3 आठवड्यांचा वर्ग आहे, त्याला ती जाणार. तुरीच्या पैशांतून फी बाजूला काढून ठेवली आहे, आणि दोन तिकिटांचे पैसेही. आई तिच्यासोबत जाते आहे.