भिंती मालकाच्या, हवा कोणाची?

मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या भिंतींवर एके काळीं पाट्यांची रांगच लागलेली असे. केस विंचरूं नयेत, फार वेळ बसूं नये, मॅनेजरशीं हुज्जत घालूं नये, अशीं फर्मानें मालक स्वतःच्या अधिकारांत काढी आणि गिऱ्हाईकहि तीं निमूटपणें पाळी. जागा त्याची, चहा त्याचा, तेव्हां नियमहि त्याचाच, हें सर्वांस मान्य होतें. आज अशा हॉटेलाच्या प्रवेशद्वाराशीं आणखी एक पाटी असावी लागते: धूम्रपान निषिद्ध. ही मात्र मालकाच्या मर्जीची नव्हे. ती सरकारी नियमानें लावावयाची असून तिचें आकारमानहि कमीत कमी ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर असें ठरवून दिलेलें आहे. पहिली पाटी मालकी हक्कांतून आली. दुसरी त्या हक्काला मर्यादा घालावयास आली. ही मर्यादा न्याय्य आहे काय, आणि ती पाळवून घेण्याचें काम कोणाचें, हे दोन प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

मुरली देवरा हे मुंबईचे माजी महापौर. त्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २००१ रोजीं रुग्णालयें, शाळा, ग्रंथालयें, न्यायालयें, सभागृहें, सरकारी कचेऱ्या व सार्वजनिक वाहनें यांत धूम्रपानास मनाई केली. राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताचा हक्क हा त्या आदेशाचा पाया होता. पुढें २००३ च्या कायद्यानें उपाहारगृहेंहि या कक्षेंत आणलीं. आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं कामाच्या जागा, मॉल व चित्रपटगृहें यांचा स्पष्ट उल्लेख केला.

मालकांच्या बाजूनें जो युक्तिवाद केला जातो तो उथळ म्हणून झटकून टाकण्यासारखा नाहीं. रुग्णालयांत मनुष्य गरजेनें जातो, कचेरींत कामासाठीं जातो. परंतु चहाच्या दुकानांत जाण्याची सक्ति कोणावर आहे? ज्यास धूर सोसत नाहीं त्यानें दुसरें दुकान पाहावें. गिऱ्हाइकें तुटूं लागलीं म्हणजे मालक आपण होऊनच पाटी लावील. त्यासाठीं कायद्याचा बडगा कशाला?

या युक्तिवादांत एक माणूस मात्र विसरला गेला आहे. गिऱ्हाईक अर्ध्या तासांत उठून जातें. टेबल पुसणारा पोऱ्या दिवसभर तेथेंच असतो. त्यास दुसरें दुकान पाहा असें सांगणें म्हणजे पोट कीं फुप्फुसें यांतून एक निवड असें सांगणें होय. दुसऱ्याच्या धुराचा अपाय हा आतां तर्काचा विषय राहिलेला नाहीं. जपानमध्यें ताकेशी हिरायामा यांनीं स्वतः विडी-सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षें पाहणी केली. ज्यांचे पति फार धूम्रपान करीत त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण अधिक आढळलें, असें त्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलें. पंखे व खिडक्या यांनीं हा धोका नाहींसा होत नाहीं, हें अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालानें स्पष्ट केलें. आपल्या अंगणांतील सांडपाणी शेजाऱ्याच्या विहिरींत सोडण्याचा अधिकार मालकी हक्कांत कधींच नव्हता. भिंती मालकाच्या असल्या तरी त्यांच्या आंत कामास ठेवलेल्या माणसाचा श्वास मालकाचा होत नाहीं. उलट, खासगी राहत्या घराच्या उंबरठ्याशीं हा कायदा थांबतो, हेंहि लक्षांत घ्यावें.

आतां अंमलबजावणीचा प्रश्न. दंड अधिकांत अधिक २०० रुपये. तो वसूल करण्याचा अधिकार केवळ पोलिसांस नाहीं. स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, मुख्याध्यापक यांसहि आपापल्या जागेपुरता दिलेला आहे. मालकानें पाटी लावावी, रक्षापात्रें व काड्यापेट्या ठेवूं नयेत, तक्रार कोणाकडे करावी त्याचें नांव लिहून ठेवावें. आणि आलेल्या तक्रारीकडे त्यानें काणाडोळा केला तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर. यावर मालक विचारतो, ‘मला बिनपगारी शिपाई कां करतां?’

याचें उत्तर त्याच्याच जुन्या पाट्यांत आहे. हुज्जत घालणाऱ्यास बाहेर काढण्याचा अधिकार जो आपला म्हणतो, त्यानें धूर सोडणाऱ्यास हटकावें, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. शिवाय प्रत्येक दुकानांत पोलीस येऊन बसणें हें मालकी हक्कावर पाटीपेक्षां मोठें आक्रमण ठरेल. परंतु या कर्तव्यासहि सीमा हवी. हटकणें, चहा नाकारणें, तक्रार पुढें पाठविणें येथवर मालकाचें काम. दांडगाईशीं झुंजणें सरकारचें. दुकानदारानें कोणा बड्या असामीस हटकलें आणि हांक मारल्यावर कोणी आलेंच नाहीं, तर दुसऱ्या खेपेस तो तोंड उघडणार नाहीं.

तीस अगर अधिक आसनांच्या उपाहारगृहास आणि तीस खोल्यांच्या हॉटेलास धूम्रपानाची वेगळी खोली ठेवण्याची मुभा आहे. लहान दुकानास ती नाहीं. हा भेद लहान मालकास सलतो, आणि तें साहजिक आहे. मात्र २०१७ सालीं त्या खोलींत दुसरी कोणतीहि सेवा देऊं नये असा नियम जोडण्यांत आला. ज्यास धूर हवा त्यानें तेथें जावा. चहाचा कप घेऊन पोऱ्यास त्याच्या मागें जावें लागूं नये. कायद्याचें खरें प्रयोजन या एका नियमांत दिसतें, आणि कोणत्याहि मालकानें, त्याचें दुकान लहान असो वा मोठें, आपली पाटी लावतांना प्रथम त्या पोऱ्याकडे पाहावें.