हद्दीवरचें गांव आणि विद्वानांच्या परिषदा

बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या वाटेवर धाड हें गांव आहे. गांव मागें पडलें कीं थोड्याच अंतरावर वऱ्हाडची हद्द संपते आणि मराठवाडा लागतो. माती तीच, पिकें तींच, सोयरीकही दोन्ही बाजूंस होते. परंतु इतिहासानें मधोमध एक रेघ ओढून ठेवली. 1853 सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला आणि 1903 सालीं तो मध्यप्रांतास जोडण्यांत आला; भोकरदन मात्र 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांतच राहिलें. 1956 सालीं दोन्ही मुलूख एका राज्यांत आले आणि 1960 सालीं महाराष्ट्र राज्य झालें.

या टापूंतील शेतकऱ्याच्या कर्जाचा, जातिव्यवहाराचा अथवा जत्रायात्रांचा अभ्यास कोणी करूं म्हणेल, तर त्यानें काय करावें? एका बाजूच्या दप्तरांसाठीं नागपूर गांठावें, दुसऱ्या बाजूच्या दप्तरांसाठीं हैदराबाद. एकीकडे इंग्रजी व मराठी, दुसरीकडे फारसी व उर्दू. त्यांत जुना कागद हातीं आला तर मोडी. एका माणसाचें आयुष्य एवढ्या लिप्या शिकण्यांतच सरावयाचें. आणि निम्मेंच दप्तर पाहून जो लिहील, तो अर्ध्या मुलुखाची हकीकत सगळ्या मुलुखाच्या माथीं मारील. म्हणून विद्वानांनीं एकमेकांकडे जाणें हा केवळ शिष्टाचार नव्हे; ती विद्येची गरज आहे.

याचें एक सुंदर उदाहरण धाडच्या शेजारींच घडलें. 1973 सालीं भोकरदन येथें जें उत्खनन झालें, तें नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं मिळून केलें. देव आणि गुप्ते या विद्वानांनीं त्याचा वृत्तांत लगोलग 1974 सालीं प्रसिद्ध केला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. या नगराचें नांव सांचीच्या दानलेखांतही येतें. तेथें हस्तिदंताच्या स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. इटलींतील पाँपेई हें नगर इ. स. 79 मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें 1938 सालीं सांपडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं भोकरदनच्या मूर्तीचें साम्य दिसून आलें, आणि विद्वानांची दृष्टि दख्खनकडे वळली. नेपल्सच्या संग्रहालयांतील कोडें उलगडण्यास भोकरदनच्या टेकाडाचें साह्य झालें. दूरदूरच्या अभ्यासकांनीं परस्परांचें काम पाहिलें नसतें, तर हें घडलेंच नसतें.

हीच गरज ओळखून महाराष्ट्राची संस्कृति व समाज या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका एकोणीसशें ऐंशीच्या दशकांत सुरू झाली. टोरांटो विद्यापीठाचे प्रा. नरेंद्र वागळे हे तिच्या अग्रणींपैकीं एक. तेथून धर्म आणि समाज, तसेंच नगर आणि ग्राम या विषयांवरील लेखसंग्रह 1987 व 1988 सालीं निघाले. पुढें परिषदेचें ठिकाण बदलत राहिलें आणि विषयही बदलत राहिला. मॉस्कोच्या परिषदेनें घर व कुटुंब हा विषय घेतला. त्यावरील दोन ग्रंथ 1998 व 1999 सालीं प्रकाशित झाले. त्यांच्या संपादनांत रशियाच्या इरिना ग्लुश्कोवा, अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस आणि पुण्याचे राजेंद्र व्होरा यांचीं नांवें एकत्र दिसतात.

परिषद एकदां भरली तर तो समारंभ होतो. पुनःपुन्हा भरली तर ती परंपरा होते. पहिल्या भेटींत घेतलेल्या आक्षेपास दुसऱ्या भेटींत उत्तर द्यावें लागतें. काल श्रोता म्हणून बसलेला तरुण उद्यां निबंध वाचतो. लोकदैवतांचा अभ्यासक आणि साखर कारखान्यांचा अभ्यासक एकाच सभागृहांत बसले, म्हणजे देवाच्या जत्रेंतील बाजार आणि बाजारांतील देव दोघांनाही दिसूं लागतात. फेल्डहाउसबाईंनीं 2003 सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं प्रदेश केवळ सरकारी नकाशानें घडत नाहीं. कावडी, पालख्या आणि यात्रा यांच्या वाटांनींही तो घडतो. हद्दीवरच्या गांवकऱ्यास हें सांगावें लागत नाहीं; त्याचे पाय तें पिढ्यान् पिढ्या जाणतात.

परंतु येथेंच एक प्रश्न उभा राहतो. या परिषदांचे ग्रंथ बहुधा इंग्रजींत निघतात. ज्याच्या ओव्या, ज्याचें घर आणि ज्याची शेती त्यांत वर्णिली, त्याच्या हातीं तें पुस्तक क्वचितच पडतें. माहिती गांवानें द्यावी आणि ज्ञान मात्र परगांवींच राहावें, हा व्यवहार एकतर्फी होय. शिवाय त्यांत विद्येचीही हानि आहे; कारण चूक प्रथम ओळखणारा माणूस तोच, आणि त्यालाच ती वाचावयास मिळत नाहीं.

उपाय अवघड नाहीं. प्रत्येक निबंधाचा सारांश मराठींत छापावा. ज्या तालुक्यांत काम झालें, तेथील वाचनालयांत ग्रंथाची एक प्रत पोंचवावी. आणि परिषदेची एखादी बैठक राजधान्या सोडून जिल्ह्याच्या गांवीं भरवावी. तेथील शाळेचा शिक्षक, पाटलाचा वाडा, देवळाचा पुजारी आणि जुनीं खतें जपणारी म्हातारी यांच्यासमोर निबंध वाचला गेला, म्हणजे त्याची खरी परीक्षा होईल. सात समुद्रांपलीकडचे पंडित एकमेकांस भेटूं लागले, ही मोठीच गोष्ट झाली. आतां त्यांची आणि धाडसारख्या गांवांची भेट घडावयाची आहे.