यंत्राची देवडी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून कोणी दारातूनच परत गेले असतील, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. 'वायु-वर्णलेखन यंत्रातील नमुना-प्रवेशाची रचना' हे शब्द वैशाखातल्या संध्याकाळी सहज घशाखाली उतरण्यासारखे नव्हेत. पण जे बसले आहेत त्यांत कोणी द्राक्षबागाईतदार असतील, कोणी वकील असतील, आणि मोटार किंवा स्कूटर तर बहुतेक जण चालवितात. या सर्वांच्या बाबतीत कधी ना कधी एका यंत्राची साक्ष निघण्याचा संभव आहे. ती साक्ष खरी की खोटी, हे पुष्कळदा यंत्राच्या पोटात ठरत नाही. त्याच्या दारात ठरते. आज आम्हास बोलावयाचे आहे ते या दाराविषयी.

आधी यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. 1903 साली वारसॉ येथे मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पदार्थ वेगळे करण्याच्या एका नव्या रीतीविषयी भाषण केले. पुढे 1906 साली त्याने हिरव्या पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून झिरपवून, आतले रंग वेगवेगळ्या पट्ट्यांत उभे राहतात हे दाखविले आणि या रीतीला नाव दिले. तेच वर्णलेखन, म्हणजे क्रोमॅटोग्राफी. रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच रंग. तेव्हा शोधाला गुणाचे नाव मिळाले की शोधकाचे, अशी थट्टा त्याच्यामागे अनेकांनी केली आहे. पुढे 1941 साली मार्टिन आणि सिंज या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी लिहून ठेवले की, या नळीतून द्रवाऐवजी वायू वाहविला तरी चालेल. छापील कागदावर ही सूचना दहा वर्षे उघड पडून होती. तिला कोणी हात लावला नाही. अखेर मार्टिननेच जेम्स या सहकाऱ्याबरोबर ती 1952 साली करून दाखविली. त्याच वर्षी मार्टिन आणि सिंज यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र त्यांच्या आधीच्या कामाबद्दल.

यंत्राचे तत्त्व समजावयास आळंदीहून पंढरपूरला निघालेली दिंडी डोळ्यांपुढे आणावी. सारे एकाच वेळी वेशीतून निघाले. पण ज्याला वाटेतल्या प्रत्येक गावी दोन घटका रमण्याची आवड, तो मागे पडतो, आणि ज्याला कशात रस नाही तो आधी पोहोचतो. यंत्रातली वाट म्हणजे एक लांब नळी, तिला कॉलम म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला चिकट द्रवाचा पातळ लेप असतो आणि तिच्यातून हेलियमसारखा वायू सतत वाहत असतो. मिश्रणातले जे द्रव्य लेपात रमते ते उशिरा बाहेर पडते. कोण केव्हा पोहोचला यावरून तो कोण, आणि किती पोहोचले यावरून त्याचे प्रमाण, असा हा हिशेब आहे. मात्र त्यात एक अट आहे. सारे एकदम निघाले पाहिजेत. कोणी पहाटे निघाला, कोणी दुपारी, तर पंढरपुरातल्या वेळेवरून काहीच उमगणार नाही. ही अट पाळणे हे काम दाराचे.

1957 साली मार्सेल गोले याने अमेरिकेत केसासारख्या बारीक नळीची कल्पना मांडली आणि तिथून दाराच्या अडचणींना खरा प्रारंभ झाला. आज नेहमी वापरतात तो कॉलम 30 मीटर लांब असतो, त्याचे आतले छिद्र पाव मिलिमीटर आणि लेपाची जाडी पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चार हजारावा भाग. त्यातून वायू वाहतो तो मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर. अशा नाजूक वाटेवर आपला अर्क सोडावयाचा. वाड्याला जशी देवडी, तशी या वाटेच्या तोंडाशी एक लहानशी कोठडी असते. बाहेरून 250 अंशांपर्यंत तापविलेला पोलादी ठोकळा, आत काचेची नळी, जिला लायनर म्हणतात, आणि वर रबराची चकती. या चकतीला सेप्टम हे नाव. सिरिंजची सुई सेप्टम भोसकून आत जाते, एक मायक्रोलिटर अर्क सोडते आणि बाहेर येते. एक मायक्रोलिटर म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा पन्नासावा भाग समजा.

एवढ्याशा थेंबाची काय अडचण, असे कोणी म्हणेल. पण तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर काय होते ते घरोघरी ठाऊक आहे. 250 अंशांवर आणि यंत्रात नेहमी असतो तेवढ्या दाबाखाली एक मायक्रोलिटर हेक्झेनची वाफ सुमारे दोनशे मायक्रोलिटर होते. पाण्याची मात्र चौदाशे! आणि चार मिलिमीटर छिद्राच्या, आठ सेंटिमीटर लांबीच्या लायनरमध्ये जागा असते सुमारे एक हजार मायक्रोलिटरची. हेक्झेन निभावते; पाणी देवडीत मावत नाही. मावले नाही की वाफ उलटी फिरून वायूच्या थंड नळ्यांत शिरते, तिथे गार होऊन बसते आणि पुढच्या नमुन्याच्या वेळी हळूच परत येते. मागल्या आरोपीचा गुन्हा पुढल्याच्या नावे लागतो, तो असा. कागदावर छापून येणाऱ्या आकड्यावर याची कसलीही खूण नसते.

बरे, वाफ मावली तरी ती आत केव्हा जाणार? कॉलममध्ये मिनिटाला एकच मिलिलिटर शिरतो, तेव्हा एक मिलिलिटरची कोठडी रिकामी होण्यास मिनिटावर वेळ लागणार. आणि आत वेगळी करावयाची द्रव्ये तर एकमेकांपासून काही सेकंदांच्या अंतराने येतात. म्हणजे दिंडी निघतानाच विस्कटली. यावर पहिला तोडगा निघाला तो विभाजनाचा, म्हणजे स्प्लिटचा. देवडीला बाजूने दुसरी वाट ठेवावयाची आणि तिच्यातून मिनिटाला शंभर मिलिलिटर वायू बाहेर सोडावयाचा. कोठडी पाऊण सेकंदाच्या आत रिकामी होते. वाफेचा शंभरावा हिस्सा कॉलममध्ये जातो, बाकीचा वाया. अत्तर किंवा पेट्रोल तपासावयाचे असेल तर ही युक्ती नामी आहे, कारण तिथे माल भरपूर असतो. पण द्राक्षांत कीटकनाशकाचा मागमूस शोधावयाचा, आणि शोधावयाच्या वस्तूचे नव्याण्णव हिस्से दारातूनच फेकून द्यावयाचे, हा कारभार कसा चालावा?

इथे झुरिकचे एक दांपत्य येते, कुर्ट आणि गेरट्रूड ग्रोब. 1969 साली त्यांनी बाजूची वाट बंद ठेवून सगळा नमुना आत घेण्याची रीत प्रसिद्ध केली. वाट बंद राहिली ती प्रथम विसराळूपणाने, असे सांगतात. शास्त्रात अशा कथा फार असतात आणि आम्ही त्यांना फारसे महत्त्व देत नाही. विसरणारे पुष्कळ असतात. बिघडायला हवे होते ते बिघडले का नाही, असे थांबून विचारणारे थोडे. हिशेबाप्रमाणे सारी द्रव्ये मिनिटभर पसरून यावयास हवी होती. ती आली ती बारीक, टोकदार शिखरांच्या रूपाने. कारण असे की, कॉलमचा आरंभ थंड होता. विद्रावकाच्या उत्कलनबिंदूपेक्षा वीसेक अंशांनी कॉलम गार ठेवला की विद्रावकाची वाफ तोंडाशीच द्रव होऊन पसरते, मागून रेंगाळत येणारी हलकी द्रव्ये त्या ओलीत अडकतात, आणि जड द्रव्ये तर गारव्यानेच जागच्या जागी थिजतात. मिनिटभराने सगळी मंडळी वेशीपाशी जमली, की कॉलम तापवावयाचा आणि दिंडी एकदम निघते. उशिरा येणाऱ्यांसाठी वेशीवरच मुक्काम ठेवला, एवढीच युक्ती. तिचे मोल असे की, सूक्ष्म अंश मोजण्याच्या कामात आजही ही रीत सर्वत्र चालते.

एक खोड मात्र राहिली, ती सुईची. सुई तापलेल्या देवडीत शिरताच तीही तापते. तिच्यातली हलकी द्रव्ये उकळून बाहेर पडतात. जड द्रव्ये सुईच्या आतल्या अंगाला चिकटतात आणि तिच्याबरोबर परत बाहेर येतात. जे आत गेलेच नाही ते मोजणार कोण? म्हणून आता हे काम माणसाच्या हाताऐवजी यांत्रिक हाताकडे दिलेले असते. तो सुई तापण्याच्या आत काम उरकून मागे घेतो. कुर्ट ग्रोब आणि त्यांचे चिरंजीव कोनराड यांनी 1978 साली तर देवडीच काढून टाकली. थंड कॉलमच्या तोंडातच सुई घालून अर्क थेट आत ठेवावयाचा, ही ती रीत. अचूकपणात तिला तोड नाही. पण द्राक्षाचा किंवा दुधाचा अर्क कितीही गाळला तरी त्यात मेण, चरबी, रंग हे राहतातच. देवडी असते तेव्हा हा चिखल लायनरमध्ये राहतो, तो बदलता येतो. देवडी नसली की चिखल घरात. वहाणा बाहेर काढावयाला ओसरी का असते, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही.

पण या चिखलातच पुढचा, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर, प्रश्न आहे. लायनर काचेचा. काच आपणांस निर्गुण दिसते, पण तिच्या पृष्ठभागावर द्रव्यांना धरून ठेवणाऱ्या जागा असतात; त्या रसायनांनी बुजवाव्या लागतात, आणि वापराने पुन्हा उघड्या पडतात. डी.डी.टी. हे नाव हिवतापाच्या फवारणीमुळे वडीलमंडळींना परिचित आहे. मळलेल्या, तापलेल्या देवडीत डी.डी.टी.चे तुकडे होऊन डी.डी.ई. आणि डी.डी.डी. बनतात. गंमत अशी की शेतातल्या मातीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या डी.डी.टी.चेही हेच तुकडे होतात. म्हणजे कालची फवारणी दाराच्या मळाने जुनी ठरावयाची! अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या पद्धतीत म्हणूनच नियम आहे की शुद्ध डी.डी.टी. आणि एन्ड्रिन घालून पाहावे, आणि कोणाचाही शेकडा 15 हून अधिक भाग मोडत असेल तर आधी दार दुरुस्त करावे.

आता द्राक्षांकडे येऊ. 2003 च्या हंगामात नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि मोठा गहजब झाला. त्यानंतर निर्यातीच्या बागांतले नमुने तपासण्याची योजना आली, आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात तिची मुख्य प्रयोगशाळा झाली. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरविलेली नाही, त्याला युरोपात किलोला 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. दहा कोटींत एक. तांदळाच्या भाषेत, वीस-पंचवीस क्विंटल तांदळात एक दाणा. आज पुष्कळ औषधे द्रव-वर्णलेखनाने मोजतात, पण वाफ होणाऱ्यांसाठी आपले हेच यंत्र लागते.

मोजण्याची रीत म्हणजे तुलना. औषधाचे ठाऊक प्रमाण शुद्ध विद्रावकात घालून आधी यंत्राला दाखवावयाचे, मग द्राक्षाचा अर्क दाखवावयाचा. यात अन्याय कुठे असेल असे वाटत नाही. पण शुद्ध विद्रावकातले औषध देवडीत शिरते तेव्हा काचेवरच्या त्या जागा रिकाम्या असतात. काही औषध तिथेच अडकते आणि यंत्राला कमी दिसते. द्राक्षाच्या अर्काबरोबर मात्र इतर शेकडो द्रव्ये येतात, ती त्या जागा आधीच बळकावतात, आणि औषध जवळजवळ सगळे आत जाते. दोन्हींत औषध सारखेच असले तरी द्राक्षातले जास्त दिसते! मर्यादेच्या आत असलेला माल मर्यादेबाहेर जातो, आणि बागाईतदाराच्या वर्षभराच्या कष्टांवर शिक्का बसतो, तो काचेच्या नळीच्या स्वभावामुळे. 1990 नंतरच्या दशकात हे नीट उलगडले. त्यावर उपाय असा की तुलनेचे औषधही फवारणी न झालेल्या द्राक्षांच्या अर्कातच घालावयाचे, म्हणजे दोघांशी दार सारखेच वागते. सॉर्बिटॉलसारखी द्रव्ये मुद्दाम घालून त्या जागा आधीच भरून टाकण्याचीही एक रीत आहे. तेव्हा बागाईतदार मंडळींनी अहवाल हाती आला की आकड्याच्या आधी हे विचारावे: तुलनेचे द्रावण कशात केले होते? लायनर केव्हा बदलला होता? चांगल्या प्रयोगशाळेत याची नोंदवही असते आणि ती दाखवावयास कोणी कचरत नाही.

वकीलमंडळींसाठी राहिले ते रक्त. मोटार वाहन कायदा, 1988, याच्या 185 व्या कलमाप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक ॲल्कोहोल आढळले तर वाहन चालविणारा गुन्हेगार ठरतो. रक्त देवडीत घालणे म्हणजे देवडी गोठवून टाकणे. म्हणून इथे पाहुण्याला आत घेतच नाहीत. बुचबंद कुपीत थोडे रक्त ठेवून ती कोमट करतात, आणि वर जमलेली हवा तेवढी यंत्रात सोडतात. स्वयंपाकघरात न जाता दारातल्या वासावरून आज भजी आहेत हे जसे कळते, त्यातलाच प्रकार. फक्त इथे किती आहेत तेही कळते. कुपीचे बूच सैल असेल, हवा कमी शिरली असेल, म्हणून रक्तात प्रॉपेनॉल नावाचे दुसरे ॲल्कोहोल ठरीव प्रमाणात घालतात आणि दोघांचे गुणोत्तर मोजतात. आलेखावर म्हणून दोन शिखरे असतात. उलटतपासणीत दुसरेही पाहावयास मागावे. अपघातात मृत झालेल्याचे रक्त असेल तर आणखी सावध राहावे. रक्त कुजू लागले की त्यात ॲल्कोहोल आपोआप तयार होते आणि थोडे प्रॉपेनॉलही तयार होते, मग ज्या काट्याने मोजावयाचे तो काटाच हलतो. अशा वेळी जाणते तपासनीस प्रॉपेनॉलऐवजी टर्शरी ब्यूटेनॉल घालतात, कारण ते कुजण्यातून निर्माण होत नाही. दोहोंपैकी कोणते घातले होते, हे अहवालात लिहिलेले नसले तर विचारून घ्यावे.