खेळांतील रक्तपात आणि कर्त्याचें स्वातंत्र्य

आजचा विषय वरकरणी मुलांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं कला व नीति यांचा फार जुना वाद आहे. व्हिडिओ गेम या नांवाच्या खेळांत घरोघरीं लढाया होतात, माणसें मरून पडतात आणि हें सारें खेळणाऱ्याच्याच बोटानें घडतें. असे खेळ रचण्याची मोकळीक कर्त्यास असावी काय, हा प्रश्न आहे.

या वादास अमेरिकेंत १९७६ सालीं तोंड फुटलें. 'डेथ रेस' नांवाच्या खेळांत मोटार हांकून पडद्यावरील आकृति चिरडावयाच्या असत. त्या माणसांच्या नसून भुतांच्या आहेत, हें कर्त्यांचें म्हणणें लोकांस पटलें नाहीं. पुढें १९९२ सालीं 'मॉर्टल कॉम्बॅट' निघाला. त्यांत हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचें काळीज उपटून काढतां येई. १९९३ च्या डिसेंबरांत सेनेटर जोसेफ लीबरमन व हर्ब कोल यांनीं या प्रकाराची जाहीर चौकशी चालविली. कायदा होणार असें दिसतांच कारखानदारांनीं १९९४ सालीं स्वतःचें मंडळ स्थापिलें व प्रत्येक खेळावर वयोमानाची चिठ्ठी लावण्याचा प्रघात पाडला.

कॅलिफोर्निया संस्थानास तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. अठरा वर्षांखालील मुलांस अतिहिंसक खेळ विकणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड करणारा कायदा त्यानें २००५ सालीं केला. २७ जून २०११ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं तो रद्द ठरविला. बहुमताचा निकाल लिहितांना न्यायमूर्ति स्कालिया यांनीं ग्रिम बंधूंच्या परीकथाही कांहीं कमी क्रूर नाहींत, याची आठवण दिली. खेळामुळेंच मुलें हिंसक होतात असें पुराव्यानें सिद्ध झालेलें नाहीं, असेंही त्यांनीं म्हटलें. उलट न्यायमूर्ति ब्रायर यांनीं विचारलें कीं, नग्न स्त्रीचें चित्र तेरा वर्षांच्या मुलास विकण्याची बंदी असावी. आणि स्त्रीस बांधून, छळून ठार मारण्याचा खेळ मात्र त्यास मोकळेपणीं मिळावा, ही कोणती संगति?

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तथापि बंदीनें तो सुटतो असेंही नाहीं. आपल्याकडे भरतमुनींनीं युद्ध व मरण अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नये असा नियम घातला. तरीही भासाच्या 'ऊरुभंगां'त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो. नियम मोडूनही तें नाटक हीन ठरलें नाहीं. कारण त्या मरणाबरोबर आंधळ्या बापाचा आणि अजाण मुलाचा शोकही आपल्यापुढें येतो.

कोणी म्हणेल, नाटकांत आपण केवळ प्रेक्षक असतों, खेळांत मात्र कर्ते होतों. हा भेद खरा आहे. पण तो दोन्हीं बाजूंस लागू पडतो. २०१४ सालीं वॉर्सा शहरांत 'धिस वॉर ऑफ माइन' हा खेळ तयार झाला. साराजेव्हो शहरास १९९२ पासून जवळजवळ चार वर्षें जो वेढा पडला होता, त्यावरून तो सुचलेला आहे. त्यांत खेळणारा शिपाई नसतो. उपाशी, आजारी नागरिकांचा सांभाळ त्यास करावा लागतो. निराधार वृद्धांचें अन्न त्यानें लुटलें, तर त्याचींच माणसें पुढें खिन्न होऊन बसतात. येथें हात खेळणाऱ्याचा असल्यामुळेंच पापाची टोंचणी त्यास अधिक लागते. पोलंडच्या सरकारनें २०२० सालीं हा खेळ शालेय वाचनाच्या यादींत घेण्याचें जाहीर केलें.

म्हणून माझें मत असें कीं, सरकारनें कर्त्याचा हात धरूं नये. मात्र हें स्वातंत्र्य म्हणजे टीकेपासून मुक्तता नव्हे. रक्त किती सांडलें यापेक्षां सांडलेल्या रक्ताचा हिशेब खेळांत कोठें मागितला आहे कीं नाहीं, हें पाहावें. केवळ विक्रीसाठीं क्रौर्य रंगविणाऱ्यास तसें स्पष्ट बजावण्याचा अधिकार आपणां सर्वांस आहे. आणि पालकांनीं वेष्टनावरील चिठ्ठी वाचून न थांबतां एखाद्या सायंकाळीं मुलाशेजारीं बसावें, खेळ पाहावा व त्यास विचारावें, "हा जो आतां पडला, त्याचें पुढें काय झालें?" मुलाचें उत्तर ऐकल्यावर तो खेळ घरांत ठेवावा कीं नाहीं, हें त्यांचें त्यांस ठरवितां येईल.